अंटार्क्टिकावर काहीच नाही, असं मी चौतीस वर्षं शिकवलं

परवा मंगळवारच्या बाजारात माझा एक जुना विद्यार्थी भेटला, आता त्याचं स्वतःचं कृषी केंद्र आहे, आणि भाजीच्या दुकानासमोर सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हणे, "मॅडम, तुम्हीच तं शिकवलं होतं तिथं काहीच नसते म्हणून, मंग एवढे पैसे लावून पाहाले काय गेल्या होत्या?" तो काही वाकडं बोलला नाही, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण माझ्या हातात वांग्याची पिशवी, मागून मोटारसायकलवाले हॉर्न मारून राहिलेले, तिथं उभ्या उभ्या काय सांगणार. घरी आले तरी तेच डोक्यात. कारण पोरगा खरं बोलला होता.

मी १९८९ ला जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, आर्वी तालुक्यातल्या गावांतच सगळी नोकरी झाली, आणि २०२३ ला रिटायर झाले. दरवर्षी सहावी-सातवीला खंड शिकवायचे. बाकी सहा खंडांना तास तास लागायचे, नद्या, पिकं, राजधान्या, आणि नकाशाच्या तळाशी तो पांढरा पट्टा आला की मी पट्टीचं टोक त्याच्यावरून फिरवायची आणि म्हणायची, हा अंटार्क्टिका, इथं बर्फ आहे, बाकी काही नाही, चला पुढं. एका मिनिटात खंड संपायचा. आणि मी नोकरीला लागले त्याच वर्षी आपल्या देशाचं 'मैत्री' हे स्टेशन तिथं सुरू झालं होतं, त्याच्या आधी १९८३-८४ ला 'दक्षिण गंगोत्री' झालं होतं, पुढं २०१२ ला 'भारती' झालं. म्हणजे आपलीच माणसं तिथं वर्षवर्ष राहून हवा-पाणी-बर्फ मोजून राहिली होती आणि इकडं मी मुलांना सांगत होते की तिथं काहीच नाही.

शेवटच्या वर्षी सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, काहीच नाही तं मंग नकाशात काहून दाखवते?" मला उत्तर आलं नाही. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली आणि ते मला लागून राहिलं.

मुलगी पुण्याला नोकरी करते. रिटायर झाल्यावर तिनं विचारलं, आई कुठं जायचं सांग, चारधाम करू की दुबईला जाऊ, तर माझ्या तोंडून निघालं अंटार्क्टिका. तिला वाटलं मी गंमत करते. मग तिनंच सगळं शोधलं, जहाजाचं बुकिंग वर्षभर आधी केलं, डॉक्टरचा फॉर्म, समुद्रातून उचलून आणायची वेळ आली तर त्याचा विमा, अर्जेंटिनाचा व्हिसा. माझ्या एकटीचा सगळा खर्च साडेनऊ लाखाच्या घरात गेला, जीपीएफमधून काढले. नातेवाईक म्हणाले एवढ्यात वर्ध्याला प्लॉट आला असता. आला असता, खरं आहे. आमचे हे मात्र एकदाच बोलले, "तू जाय. कापूस मी पाहतो." जानेवारी म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, वरून तूर कापणीला आलेली, मजूर मिळत नाही, अशा वेळी हे वाक्य किती मोठं आहे ते शेतीवाल्या घरातल्या बाईलाच कळेल.

प्रवासाचं जास्त सांगत नाही. नागपूर, मुंबई, मग दोन लांब लांब विमानं, मधल्या एका विमानतळावर माझी मोठी बॅग मागं राहिली ती जहाज सुटायच्या आदल्या दिवशी मिळाली, तोपर्यंत पाठीवरच्या पिशवीवर दिवस काढले. उशुआया हे अर्जेंटिनाचं पार खालचं गाव, पुढं रस्ता नाही. डोंगर, त्याच्यावर बर्फ, खाली बंदर. ८ जानेवारी २०२५ ला संध्याकाळी आमचं जहाज बीगल चॅनलमधून निघालं. शंभराहून थोडे जास्त प्रवासी, आम्ही दोघी सोडून मराठी कोणी नाही.

त्यानंतर ड्रेक पॅसेज. दक्षिण अमेरिकेचं टोक आणि अंटार्क्टिकाकडची बेटं यांच्यामधला ८०० किलोमीटरचा समुद्र. त्या अक्षांशावर पृथ्वीच्या भोवती कुठंच जमीन आडवी येत नाही, वारा आणि पाणी गोल गोल फिरतच राहतात, त्यांना अडवणारं कोणी नाही, म्हणून लाटा अशा की पलंगावर झोपलेला माणूस पायाकडं सरकते आणि परत डोक्याकडं येते. दीड दिवस मी फक्त सुंठ चघळली आणि डॉक्टरनं दिलेली गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं थोडं जागेवर आलं तेव्हा मुलीनं हात धरून डेकवर नेलं. मागं एक अल्बाट्रॉस लागला होता. हा पक्षी पंख पसरला की साडेतीन मीटरपर्यंत भरतो, म्हणजे आमच्या ओसरीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि तासभर पाहिलं तरी त्यानं पंख हलवला नाही. लाटेच्या पोटात उतरायचा, वाऱ्यावर वर यायचा, परत उतरायचा. आपल्या घारीला पण मधून मधून पंख मारावे लागतात.

त्याच संध्याकाळी सगळ्यांना कपडे घेऊन खालच्या हॉलमध्ये बोलावलं. तिथं चार व्हॅक्यूम क्लिनर मांडले होते. जमिनीवर उतरताना जे जे अंगावर असणार, जॅकेट, पँट, टोपी, हातमोजे, पिशवी, सगळ्याचे खिसे उलटे करायचे, चेनच्या फटी, चिकटपट्ट्यांचे काटे, सगळं ओढून साफ करायचं. माझी पिशवी तीच होती जी मी शेतात नेते. धुतली होती, दोनदा धुतली होती. तिथल्या गाईड पोरीनं बाजूच्या जाळीच्या खिशात बॅटरी मारली, चिमटा घेतला, आणि हळूच एक कुसळ ओढून काढलं. आपल्या धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, कुसळ! पावसाळ्यानंतर लुगड्याला, पायमोज्याला चिकटते ते. टोकाला बी, मागं लांब शेपूट. तिनं ते छोट्या प्लास्टिकच्या पुडीत घातलं आणि माझ्याकडं पाहिलं, रागानं नाही, मी कुठून आले असेल ते समजून घ्यायला. मला एवढं वाईट वाटलं. सोळा हजार किलोमीटर ते कुसळ माझ्यासोबत आलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला तिथं टेकवलं असतं.

कोणी म्हणेल एका बीनं काय होते. आपल्या लोकांनी तरी हे म्हणू नये. गाजर गवत आपलं आहे का? १९५० च्या दशकात पुण्याकडं पहिल्यांदा दिसलं, परदेशातून आलेल्या गव्हात बी आलं म्हणतात, आणि आज आमच्या शाळेच्या मैदानापासून स्मशानापर्यंत तेच आहे, अंगाला खाज सुटते, गुरं तोंड लावत नाहीत, उपटून उपटून पिढी गेली. अंटार्क्टिकावर फुलं येणाऱ्या तिथल्या मूळच्या वनस्पती फक्त दोन, एक गवत आणि एक उशीसारखं वाढणारं बारीक रोपटं. आणि तिकडच्या किंग जॉर्ज बेटावर पोआ अॅनुआ नावाचं परकं गवत माणसांबरोबर पोचून रुजलेलं आहेच. मी त्या दिवसापासून रोज सगळ्यात आधी रांगेत उभी राहायची बूट धुवायला. प्रत्येक वेळी उतरताना आणि चढताना बूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे, ब्रशनं तळ घासायचा. काही प्रवाशांना कंटाळा यायचा, मला नाही आला.

११ तारखेला पहाटे पडदा सरकवला तर समोर डोंगर. पांढरे, काळे, आणि शांत पाणी. ड्रेक संपला होता. बाहेर १ डिग्री. मी मुलांकडून पाठ करून घ्यायची की पृथ्वीवरचं सगळ्यात कमी तापमान उणे ८९.२, व्होस्टोक स्टेशन, २१ जुलै १९८३. बरोबर आहे तो आकडा, पण तो आतल्या उंच पठारावरचा आणि तिकडच्या भर हिवाळ्यातला, आणि मी ते कधी सांगितलंच नाही, त्यामुळं सगळ्या पोरांच्या डोक्यात बसलं की तिथं पाऊल ठेवलं की माणूस गोठते. जानेवारी म्हणजे तिकडचा उन्हाळा. जहाजातून ह्यांना फोन लागला, हे म्हणे "इकडं सकाळी दहा डिग्री आहे, शेकोटी करून बसलो, तुह्याकडं किती?" मी म्हटलं एक. "मंग काय जास्त फरक नाही," म्हणे.

उतरायचं रबरी होडीत, तिला झोडियाक म्हणतात, एका होडीत दहा माणसं. खलाशाचा हात धरताना पंजा पकडायचा नाही, एकमेकांच्या मनगटाच्या वर पकडायचं, म्हणजे ओले हात सुटत नाहीत. एका वेळी एका जागी शंभराच्या वर माणसं उतरू देत नाहीत, म्हणून निम्मे जमिनीवर आणि निम्मे होडीतून फिरायला, मग अदलाबदल. ज्या जहाजात पाचशेच्या वर प्रवासी असतात त्यांना तर उतरताच येत नाही. जमिनीवर खाणं नाही, प्राण्यांपासून पाच मीटर लांब, आणि पक्ष्यांचा फ्लू २०२४ ला तिथल्या मुख्य भूमीवर सापडल्यापासून खाली बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, पिशवी खाली ठेवायची नाही. बुटाचा तळ सोडून काहीच जमिनीला लागायला नको. बर्ड फ्लू आला की काय होते हे आमच्या इकडच्या पोल्ट्रीवाल्यांना विचारा.

१२ तारखेला कुव्हरव्हिल बेटावर गेलो, जेंटू पेंग्विनची मोठी वसाहत आहे. होडी किनाऱ्यापासून लांब होती तेव्हाच वास आला. कोंबड्यांचं खुराडं आणि सुकट एकत्र केली तर जसा येईल तसा. पेंग्विन क्रिल खातात, क्रिल म्हणजे बोटाएवढा झिंगा समजा, त्याच्यामुळं त्यांची विष्ठा गुलाबी, आणि अख्खा उतार गुलाबी-तपकिरी झालेला. आणि आवाज! मान वर करून गाढवासारखे ओरडतात, एकानं सुरू केलं की सगळे. जिथं काहीच नाही म्हणून मी सांगत होते तिथं मला बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

आता पांदण सांगते. शहरातल्या वाचकांसाठी, पांदण म्हणजे दोन शेतांच्या मधून गुरांनी आणि बैलबंडीनं पडलेली वाट, पावसाळ्यात तिच्यात गुडघ्याएवढा चिखल. पेंग्विनची तशीच पांदण असते. घरटं वर खडकावर, खाणं खाली समुद्रात, म्हणून रोज तीच ती वाट, चालून चालून बर्फात खोल नाली पडते, तेवढ्यातूनच जातात येतात. आम्ही त्या पांदणीला पाय लावायचा नाही, आणि ओलांडायची असेल तर जिथं गाईडनं झेंडी लावली तिथूनच, आणि पेंग्विन येत असेल तर थांबायचं. पहिला हक्क त्याचा. माझ्यासमोर एक आला, समुद्रातून नुकता निघालेला, पोट एकदम पांढरंशुभ्र, चोच केशरी. मला पाहून थांबला. मान एका बाजूनं केली, मग दुसऱ्या बाजूनं, मी श्वास धरून उभी, मागं आठ-दहा लोक थांबलेले. मग तो दोन्ही पंख मागं टाकून, लग्नात जेवणाच्या पंगतीची देखरेख करणारा म्हातारा चालतो तसा, डुलत डुलत वर निघून गेला.

त्यांचं घरटं म्हणजे गोट्यांची चवड, सुपारीपासून लिंबाएवढे दगड. झाड नाही, काडी नाही, तर दुसरं कशाचं करणार. अंडं गार बर्फाच्या पाण्यात भिजू नये म्हणून ते दगड. एक नर समोरून चोचीत दगड घेऊन आला, मादीसमोर वाकला, तिनं पण मान वाकवली, मग त्यानं तो हळूच तिच्या पोटाजवळ ठेवला आणि परत दुसरा आणायला गेला. तो वळला आणि शेजारच्या घरट्यावाल्यानं मान लांब करून तोच दगड उचलून स्वतःकडं ओढला. परत आल्यावर भांडण, चोचीला चोच. धुऱ्याचा दगड सरकवण्यावरून आमच्या गावात तीन तीन पिढ्या कोर्टात गेलेल्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळं मला कोणाकडून समजून घ्यायची गरज पडली नाही. मी तिथं सव्वा तास एकाच जागी उभी होते. त्या घरट्यात दोन पिल्लं होती, राखाडी, ओल्या कापसाच्या बोंडासारखी, आणि वर दगडावर स्कुआ नावाचा तपकिरी पक्षी टपून बसलेला. आईनं एकदाही त्याच्यावरची नजर काढली नाही.

पण मला सगळ्यात जास्त जे सांगायचं ते दुसऱ्या दिवशीचं, पॅराडाइज हार्बरचं. होडीतून फिरत होतो, चारही बाजूंनी हिमनद्या पाण्यापर्यंत उतरलेल्या, मोठे हिमनग उभे, त्यांच्या पोटात कपड्याला द्यायच्या निळीसारखा निळा रंग. हिमनगाचा नव्वद टक्के भाग पाण्याखाली असते हे मी शिकवायचेच. निळा काहून, ते मात्र तिथं समजलं. वर्षानुवर्षं बर्फावर बर्फ पडून दाबला जाते, आतली बरीचशी हवा निघून जाते, बर्फ एकदम घट्ट होते, आणि असा घट्ट बर्फ उजेडातला लाल रंग गिळते, निळा तेवढा आपल्यापर्यंत येते. पाणी तर दिसतच नव्हतं, सगळीकडं बर्फाचे तुकडे तरंगत होते, होडी त्यांना हळूहळू बाजूला करत चाललेली.

मग होडीवाल्या गाईडनं इंजिन बंद केलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

आधी काहीच नाही. मग कानाला लागलं, तड्, तड्तड्, तड्. सगळ्या बाजूंनी. बारीक. जशा घमेल्यात ज्वारीच्या लाह्या फुटून राहिल्या आणि कोणीतरी त्याच्यावर फडकं टाकून ठेवलं. ती बर्फातली हवा होती. बर्फ पडताना त्याच्यात हवेचे बुडबुडे अडकतात, शेकडो हजारो वर्षं दाबून राहतात, आणि बर्फ समुद्रात वितळायला लागला की एक एक बुडबुडा फुटून मोकळा होते. गाईडनं पाण्यातून एक तुकडा उचलून होडीत घेतला, नारळाएवढा, काचेसारखा आरपार, आणि तो हातोहात फिरला. माझ्याकडं आला तेव्हा मी हातमोजा काढून धरला आणि कानाला लावला. तड्. गालाला थंडगार पाणी. आमच्या गावात कोणाचा पणजोबाही जन्मला नव्हता तेव्हाची हवा त्या तुकड्यातून निघून माझ्या कानाजवळ सुटून राहिली होती. अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात भोक पाडून काढलेल्या बर्फात तर आठ लाख वर्षं जुनी हवा सापडली आहे, त्याच्यावरूनच शास्त्रज्ञांना समजते की आधी हवेत कार्बन डायऑक्साइड किती होता आणि आता किती झाला. सगळा हिशोब लिहून ठेवलेला आहे तिथं. मी मोबाईलवर तो आवाज रेकॉर्ड केला, तीन मिनिटं, बाजूच्या माणसाचं खोकलणं पण आलं त्याच्यात.

१४ तारखेला संक्रांत. विल्हेल्मिना बे नावाच्या खाडीत होतो. पाच किलोचा तिळगुळ घेऊन गेले होते, जमिनीवर नेता येत नव्हता, तीळ म्हणजे बीच ना, म्हणून सकाळीच जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांना वाटला. जेवण वाढणारी फिलिपिन्सची पोरं, मशीनवाले, खोल्या साफ करणाऱ्या बाया, प्रवासी, सगळ्यांना. गोड बोला हे मुलीनं इंग्रजीत समजावून सांगितलं. मशीनवाल्यांपैकी एक जण घरी दोन लहान मुली ठेवून नऊ महिन्यांपासून जहाजावर होता, त्यानं दोन लाडू कागदात बांधून नेले.

त्याच दुपारी देवमासे. हंपबॅक, कुबडवाले, लांबी पंधरा मीटरच्या आसपास. होडी थांबलेली, आणि आमच्या उजव्या बाजूला पाणी आधी हिरवट झालं, मग पांढरट, मग फूऽऽस्स करून असा आवाज निघाला की मला वाटलं बैल माझ्या मानेवर फुरफुरला. आणि वास, सडक्या माशाचा. एक नाही, दोन. आई आणि पिल्लू असेल. ती इतकी हळू पाठ वळवत गेली की मला तिच्या कातडीवरच्या चिकटलेल्या शिंपल्या दिसल्या, ओरखडे दिसले, मग शेपूट वर आली, तिच्या खालच्या बाजूला पांढरे-काळे डाग, पाणी गळून राहिलेलं, आणि आवाज न करता आत. ते डाग प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या बोटाच्या ठशासारखे, लोक फोटो पाठवतात आणि त्याच्यावरून कोणता देवमासा कुठून कुठं गेला ते समजते. माझ्या मुलीनं काढलेला फोटो पण आम्ही असाच पाठवला आहे.

दुसऱ्याच दिवशी डिसेप्शन बेटावर त्यांची हाडं पाहिली. हा ज्वालामुखी आहे, मधला भाग खचून समुद्र आत शिरलेला, जहाज एका अरुंद दारातून थेट ज्वालामुखीच्या पोटात जाते. १९६७ ते १९७० मध्ये तीनदा फुटला. किनाऱ्याची वाळू काळी, आपल्या काळ्या मातीसारखी, आणि आपली माती पण लाव्ह्याचीच. तिथं १९१२ ते १९३१ नॉर्वेच्या लोकांनी देवमाशांचं तेल काढायचा कारखाना चालवला. गंजलेल्या टाक्या अजून उभ्या आहेत, घराएवढ्या. दिवे लावायला, साबण करायला, हजारो मारले. हंपबॅक जवळजवळ संपले होते, १९६३ ला दक्षिणेकडं त्यांची शिकार बंद झाली आणि हळूहळू परत वाढले. काल मी ज्यांचा श्वास अंगावर घेतला ते असे वाचलेल्यांची लेकरं. त्या टाक्यांजवळ माझ्याच्यानं जास्त वेळ थांबवलं नाही.

परतीच्या प्रवासात एक गोष्ट झाली ती मला लिहायचीच आहे. जहाजावर रोज व्याख्यानं असायची. भूगर्भशास्त्राच्या बाईंनी पडद्यावर नकाशा दाखवला, भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका सगळे एकमेकांना चिकटलेले, आणि विचारलं, याला गोंडवाना म्हणतात, हे नाव कुठून आलं कोणाला माहीत आहे का? मी हात वर केला. शंभर लोकांसमोर, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, मुलीनं आधार दिला. सांगितलं की गोंड हे आमच्या भागातले आदिवासी लोक आहेत, गोंडवन म्हणजे गोंडांचं वन, नागपूर-चंद्रपूर-गडचिरोली हा सगळा तो मुलूख, मी तिथून आले. सगळा हॉल माझ्याकडं वळून पाहत होता. मग त्या बाईंनी पुढचं सांगितलं. १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्याचे साथीदार दक्षिण ध्रुवावरून परत येताना उपासमारीनं आणि थंडीनं मेले, पण शेवटपर्यंत त्यांनी सोळा किलो दगड ओढत आणले, टाकले नाहीत. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाच्या पानांचे ठसे होते. तीच पानं आपल्या चंद्रपूर-वणीच्या कोळशाच्या पट्ट्यात सापडतात. एकाच जंगलाचा पाला. आणि त्या जंगलाच्याही आधी, तीस कोटी वर्षांच्या आसपास, आपल्या इथंच हिमनद्या होत्या. चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ खडकावर हिमनदीनं दगड घासत नेल्याचे ओरखडे आहेत, भूगर्भवाल्यांनी ते केव्हाच नोंदवून ठेवलेत. जिथं मे महिन्यात ४६-४७ डिग्री होते त्या चंद्रपुरात!

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि ते ड्रेकमुळं नव्हतं. माझ्या वर्गात दरवर्षी गोंड मुलं असायची. मडावी, उईके, कुमरे, धुर्वे. मागच्या ओळीत बसायची, कमी बोलायची. त्यांच्या नावाचा एवढा मोठा खंड होता, जगातली सगळी भूगोलाची पुस्तकं ते नाव घेतात, आणि मी चौतीस वर्षांत एकाही पोराला उभं करून हे सांगितलं नाही. अंटार्क्टिकाबद्दल चुकलं ते एक, पण हे मला जास्त लागलं.

लोक विचारतात जावं का. मला सरळ उत्तर देता येत नाही. एका मोसमात आता लाखावर लोक तिथं जातात, प्रत्येकाच्या मागं विमानाचा, जहाजाचा धूर आहे, माझ्याही मागं आहे. तिथला तो भाग जगातल्या वेगानं तापणाऱ्या भागांपैकी एक आहे, समुद्रावरचा बर्फ २०२३ च्या हिवाळ्यात मोजणी सुरू झाल्यापासून सगळ्यात कमी तयार झाला, आणि क्रिलची पिल्लं त्या बर्फाखालच्या शेवाळावरच हिवाळा काढतात, म्हणजे बर्फ गेला की पेंग्विनचं, देवमाशाचं सगळ्यांचं ताट गेलं. बर्फाची सवय असलेले अॅडेली पेंग्विन तिकडं कमी होऊन राहिले, जेंटू त्यांच्या जागी खाली खाली सरकून राहिले. मी परत जाणार नाही. एकदा गेले, ते माझ्यापुरतं ठेवण्यासाठी गेले नव्हते. जाणारच असाल तर लहान जहाजानं जा, गुडघे ठीक असताना जा, आणि पिशवीचे खिसे घरीच उलटे करून पाहा. आणि भारताचं स्टेशन पाहिलं का म्हणून जे विचारतात त्यांना, नाही, मैत्री आणि भारती खंडाच्या पार दुसऱ्या अंगाला आहेत, आपल्या देशाच्या चारपटीहून मोठा खंड आहे तो.

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली तेव्हा मुख्याध्यापकांना विचारून सातवीचा एक तास मागून घेतला. आधी गोंडवनाचं सांगितलं. कुमरे आडनावाची एक मुलगी आहे, ती पूर्ण वेळ माझ्याकडं पाहत होती, नंतर तिनं वहीत नकाशा काढला, मला दाखवायला आणला. मग मोबाईल स्पीकरला लावला आणि म्हटलं डोळे बंद करा, हा आवाज कशाचा सांगा. पंखा बंद केला. तड्, तड्तड्. कोणी म्हणे पाऊस, कोणी म्हणे तुराट्या जळून राहिल्या. मागच्या ओळीतून एक पोट्टं उठलं, "मॅडम, हे तं सोयाबीन व्हय. दुपारी उन्हात शेंगा फुटते नं, तसं."

मी लाह्या म्हटलं होतं माझ्या वहीत. ते खोडलं.

आत्ता ऑक्टोबरात आमचं सोयाबीन उभं होतं, पावसानं कापणी लांबली, मग एकदम ऊन पडलं. दुपारी डबा घेऊन वावरात गेले तर धुऱ्यावरच पाय थांबले. अख्ख्या वावरातून तोच आवाज. हे समोरून विळा घेऊन आले, घामानं ओले झालेले, म्हणे, "काय उभी राहिली? दाणा खाली पडून राहिला सगळा, दोन दिवस उशीर झाला." मी म्हटलं, एक मिनिट थांबा ना, ऐका. त्यांनी विळा खांद्यावर घेतला, टोपी काढली, आणि माझ्या बाजूला उभे राहिले.